सांगवीच्या शिवेवरचं मंजनीक

बारामतीला निघताना माझ्या पिशवीत दोन सदरे, गुडघ्याला लावायचं मलम आणि शाळकरी पोरांकडे असतो तसला एक कोनमापक होता. कोनमापक बघून बायको म्हणाली, "आता या वयात कुणाची परीक्षा घ्यायला चाललात?" परीक्षा माझीच होती आणि मला तिची भीती वाटत होती.

मी रत्नागिरीचा. तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि रिकामपणाचा उद्योग म्हणून जुन्या युद्धयंत्रांवर लेख लिहू लागलो. तोफा यायच्या आधी किल्ल्यावर दगड फेकायला जी प्रचंड लाकडी यंत्रं वापरायचे, त्यांचा मला विशेष नाद. फारसी तवारिखांमध्ये, म्हणजे बखरींमध्ये, त्यांना मंजनीक म्हटलंय. आमच्या कोकणात विहिरीवर लाट असते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना मंजनीक समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. लांब वासा, मध्ये टेकू, आखूड टोकाला दगडांचं ओझं. ओझं खाली आलं की लांब टोक वर जातं. आम्ही त्या टोकानं पाणी काढतो. युद्धात त्याच टोकाला गोफण बांधत आणि गोफणीत दगड ठेवत.

माझे लेख वाचून सांगवीच्या रणजितनं मला फोन केला होता. हा शिकलेला इंजिनियर, कारखान्यांना यंत्रं बसवून देण्याचं काम सोडून घरी ऊस बघायला परतलेला. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला गावानं मातीचा मोठा किल्ला उभा करायचा आणि मंजनिकातून त्याच्यावरून दगड शिवेपार टाकायचा, असा त्याचा बेत होता. महिनाभर तो मला काही ना काही विचारत होता. शेवटचा प्रश्न हुकाचा होता. गोफणीची एक दोरी वाशाच्या टोकाला कायमची बांधलेली असते, दुसऱ्या दोरीची कडी त्या टोकावरच्या लोखंडी हुकात नुसती अडकवलेली असते. वासा वर गेला की ठरल्या क्षणी कडी हुकावरून निसटते, गोफण उघडते आणि दगड सुटतो. हूक सरळ असेल तर कडी लवकर निसटून दगड आभाळात जातो. जास्त वाकवला तर ती उशिरा निसटते आणि दगड समोर जमिनीलगत येतो. "सर, हूक किती वाकवू?" रणजितनं विचारलं आणि मी त्याला कोन सांगितला.

दसऱ्याला दगड जमिनीलगत आला. तो रणजितच्या थोरल्या भावाला, दत्ताला, लागला आणि दत्ता जागीच गेला.

कार्तिक संपत आला तेव्हा रणजितचा पुन्हा फोन आला. "सर, तुम्ही या आणि हूक बघून सांगा," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून मला धड झोप नव्हती.

बारामती, मग सांगवी

रणजित जीप घेऊन स्टँडवर आला होता. फोनवरच्या आवाजावरून मी उमदा, बडबड्या गडी कल्पिला होता. समोर दाढी वाढलेला, खांदे पडलेला माणूस उभा. त्यानं माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "चहा घेऊ." तिथल्या चहात साखर किती असते हे परगावच्या माणसानं विचारू नये. ज्यांच्या दारात साखर पिकते ते चमचे मोजत बसत नाहीत.

गाळप सुरू झालं होतं. जळोचीच्या अंगाला उसाच्या फडांना खेटून नव्या इमारती उभ्या आहेत, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी आणि खाली उसाचे तुरे एकाच वाऱ्यावर हलत होते. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कर्ण्यावर गाणी. सोमेश्वरनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांवर मोळ्यांच्या वर तोडकऱ्यांच्या बायका लेकरं सांभाळत बसलेल्या. बैलांच्या शिंगांना दसऱ्याच्या झेंडूच्या माळा अजून होत्या, वाळून काळ्या पडलेल्या. आमच्याकडे पूजा झाली की फुलं दुसऱ्या दिवशी माडाच्या आळ्यात जातात. "काढत नाही का तुम्ही?" मी विचारलं. "आपोआप गळू द्यायच्या," रणजित म्हणाला. मी त्या उत्तराकडे फारसं लक्ष दिलं नाही.

घरी दोनच माणसं होती. ओसरीवर तात्या, म्हणजे रणजितचे वडील, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे काळा चष्मा लावून बसलेले. आणि शालनताई, दत्ताची बायको. त्यांची मुलगी नर्सिंग शिकायला पुण्यात. रणजितनं लग्न केलेलं नाही, तो याच घरात जेवतो, राहतो. दुखवट्याचं घर होतं. दिवाळी झालीच नव्हती, आकाशकंदिलाचा खिळा भिंतीवर मोकळा होता.

जेवायला हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे त्यालाच कुळीथ म्हणतात, पण आमचं पिठलं भाताबरोबर मवाळ होऊन जातं. हे माडगं घशातून जाताना आपण आहोत म्हणून सांगतं. शालनताईंनी पहिलं ताट पाहुण्याला नाही, रणजितला वाढलं. मला थोडं नवल वाटलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

"भाऊजी आधी जेवत्यात," त्या म्हणाल्या. "दोघं भाऊ रानातनं आलं की आधी भाऊजींना वाढायची. मोठे नंतर बसायचे. ती सवय हाय."

मग भाकरी मोडत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊजी, कळलं का, कशानं झालं?"

"सर आल्यात की. बघत्याल," रणजित म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला. नंतर त्यानं मला सांगितलं, वहिनी हा प्रश्न रोज विचारतात. रोज ताट वाढताना.

शिवेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आमच्याबरोबर शिवेपर्यंत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मंजनीक ओढ्याच्या अलीकडे उभं होतं. मी आयुष्यभर चित्रांत पाहिलेलं यंत्र प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहत होतो, आणि खरं सांगतो, ते देखणं होतं. निलगिरीच्या खोडाचा वासा, आसाला जुन्या ट्रॉलीचा धुरा, ओझ्याच्या पेटीत भंगारातलं लोखंड आणि काळे दगड. फेकायचे गोळे सिमेंटचे होते, फुटक्या फुटबॉलांत ओतून पाडलेले. समोर मातीचा किल्ला. त्याचे बुरूज अजून शाबूत होते, पण तटात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक खळगा होता. कोणीतरी तो शेणानं लिंपला होता.

"तो इथं उभा होता," रणजित म्हणाला. "मोबाईलवर व्हिडिओ काढत. आधीच्या सगळ्या चाचण्यांना दगड डोक्यावरून उंच गेलेला, म्हणून निर्धास्त."

तात्या मंजनिकाच्या चौकटीला हात लावून चाचपत होते. "गुरुजी, ह्याच्यानं खरंच किल्लं पडायचं का?"

एरवी या प्रश्नावर मी तासभर बोलतो. त्या दिवशी म्हाताऱ्यानं विचारलं म्हणून थोडक्यात सांगितलं. सुरुवातीला ओझ्याच्या जागी माणसंच असत. आखूड टोकाला दोऱ्या बांधून पाचपन्नास जण एकदम झोंबायचे. पुढे कुणाला तरी सुचलं की माणसांच्या जागी दगडांची पेटी लावावी. पेटी दमत नाही आणि दर वेळी सारखंच ओढते, म्हणून दगडही पुन्हा पुन्हा त्याच जागी पडतो. दिल्लीच्या सुलतानांची फौज अशी यंत्रं घेऊन दक्षिणेत उतरली. किल्ल्याच्या आतही तसलीच यंत्रं असत, मग आतून बाहेर आणि बाहेरून आत दगड चालायचे. जाड तट दगडांनी सहजासहजी पडत नाही. मग दगडाऐवजी कुजलेली जनावरं टाकायची, पकडलेल्यांची मुंडकी टाकायची. आतल्या बायकापोरांनी ती पाहावीत म्हणून.

"म्हंजी भिंती पाडायला नव्हंच," तात्या म्हणाले. "मानसं पाडायला व्हतं."

मी हो म्हटलं. या यंत्रांवर मी इतकं लिहिलं, पण दगड ज्याच्यावर पडला त्याच्या घरात मी कधी जेवलो नव्हतो. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या लेखांची शिसारी आली.

तात्या मात्र बोलते झाले. तरुणपणी ज्वारीवरची पाखरं राखायला ते गोफण चालवायचे आणि सून त्यांच्याहून सरस होती म्हणे. "शालनचा नेम म्हंजी नेम. इंदापूरकडची पोरगी. लगीन झाल्यावर पयल्याच सुगीला गोफन घिऊन रानातल्या माळ्यावर चढली, आन् समद्या गावानं बघितलं."

औताची खोली

दुपारी शालनताई तात्यांना डोळे तपासायला बारामतीला घेऊन गेल्या. रणजितनं ती वेळ मुद्दाम धरली होती. मी शिडीवर चढून हुकाला कोनमापक लावला. खात्री पटेना, म्हणून तीनदा लावला. हूक मी सांगितला होता तसाच होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

पण कागदावरचा कोन आणि हवेतला दगड यांत फरक असू शकतो. म्हणून दगड टाकून बघायचं ठरलं. शिवेपलीकडचं पडीक रान त्यांचंच होतं, आम्ही ते पायी फिरून मोकळं असल्याची खात्री केली. ट्रॅक्टरनं वासा खाली ओढला, गोळा गोफणीत ठेवला, कडी अडकवली. वासा अडवून धरणारी खिटी ओढायची दोरी रणजितनं हातात घेतली आणि परत माझ्याकडे धरली.

"सर, मला जमणार नाही."

मी दोरी घेतली आणि ओढली. पेटी दणकन खाली आली, चौकट कुरकुरली, गोफण आमच्या डोक्यावरून फुत्कारत गेली. गोळा मातीच्या तटावरून, ओढ्यावरून, पार पलीकडे जाऊन पडला. धूळ उठलेली दिसली, आवाज मागून आला.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. हूक बरोबर होता, म्हणजे मी बरोबर होतो. दत्ताच्या मरणाशी माझा काही संबंध नव्हता. मी रणजितच्या पाठीवर थाप मारायला वळलो, तर तो खाली बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. माझा आनंद तिथंच मेला. हूक बरोबर होता, तर मग त्या दिवशी काय झालं?

आस कोरडा कुरकुरत होता म्हणून मी ग्रीस आणायला घरामागच्या औताच्या खोलीत गेलो. डबा शोधता शोधता माझी नजर विळ्यांवर गेली. ओळीनं टांगलेले विळे, आणि प्रत्येकाच्या पात्याला लाल नाड्याचे वेढे. मुठीला नाही, पात्याला. फवारणीच्या पंपाच्या नोझलला लाल नाडा. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची एक सुटी खिळी कोपऱ्यात पडली होती, तिलाही. शालनताईंच्या शिलाई मशीनच्या सुईदांडीला. तात्यांच्या अडकित्त्याच्या दोन्ही पात्यांना.

रणजित माझ्या मागे दारात येऊन उभा राहिला होता.

"खंडेनवमीचा," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळे हत्यारांना हळदकुंकू लावतात, माळ घालतात. दोरा ही वहिनींच्या माहेरची रीत. ज्या अंगानं काम होतं, त्या अंगाला दोरा बांधायचा. एकदा बांधला की हातानं काढायचा नाही. झिजून आपोआप गळू द्यायचा."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. मी ग्रीसचा डबा तिथंच ठेवला, परत जाऊन शिडी चढलो आणि या वेळी कोनाकडे नाही, हुकाच्या बुडाशी पाहिलं. लोखंड लाकडात जिथं शिरतं, तिथल्या फटीत लाल रंग उतरला होता आणि दोन-चार तंतू अडकले होते.

मंजनिकाचं काम करणारं अंग तो हूक. दोऱ्याच्या वेढ्यांवर कडी अडकली, निसटायला क्षणभर उशीर झाला. तेवढा उशीर पुरतो. दसऱ्याला कडी अडकवायचं काम दत्ताकडे होतं, हे रणजितनं मला सांगितलं होतं. त्यानं दोरा पाहिला असणारच, पण काढायचा नसतो म्हणून वरूनच कडी घातली आणि मोबाईल घेऊन तटापाशी गेला.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी. राख सावडून आलो, आन् इथं चढून बघितलं. दोरा नव्हता, रंग होता. झटक्यानं तुटून पडला असंल."

"मग मला कशाला बोलावलंस?"

रणजितनं माझ्याकडे बघितलं नाही. "तुम्ही सांगायचं की हूक चुकीचा वाकवला होता. माझ्या सांगण्यावर वहिनींचा विश्वास न्हाय बसत. त्या रोज विचारतात, सर. एक दिवस औताच्या खोलीत जातील, विळा हातात घेतील आन् त्यांच्या ध्यानात येईल. त्याच्या आधी कुणीतरी जाणत्यानं दुसरं कारण सांगायला हवं. एकदा पक्कं सांगितलं की माणूस पुढं शोधत नाही."

मी त्याला नाही म्हणालो. चिडूनच म्हणालो. मी म्हटलं, मी शास्त्राचा माणूस आहे, खोटा निकाल देणार नाही. शिवाय हूक चुकला म्हटलं तर कोन सांगणारा मीही त्यात आलो. तो म्हणाला, "तुमचं नाव येणार न्हाय." या उत्तरानं मला जास्त राग आला, कारण ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

ताट

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. मेथीची भाजी होती, ठेचा होता, आणि माझ्यासाठी मुद्दाम भात टाकलेला. कोकणातल्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हे शालनताईंनी न विचारता ओळखलं होतं. पहिलं ताट रणजितचं. मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि या वेळी त्यांनी मला विचारलं.

"सर, बघितलं का तुमी? कशानं झालं?"

मी काय सांगणार होतो, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. भाकरी थापून तळवे लाल झालेले, आणि ते हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले. त्या हातांनी तो दोरा बांधला होता, हे त्यांना सांगणं माझ्याच्यानं होईना.

"हूक," मी म्हणालो. "वाजवीपेक्षा जास्त वाकला होता. त्यामुळे कडी उशिरा निसटली."

त्यांनी एक बोट दुसऱ्या मुठीत धरलं. "गोफणीची दोरी बोटात अडकली की दगुड पुढ्यात पडतो," त्या म्हणाल्या. "तसंच ना?"

"तसंच."

"हुकामुळं."

"हो. हुकामुळं."

"कुणी वाकवला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रणजित म्हणाला, "मी, वहिनी. सरांनी बरोबर सांगितलं व्हतं. मीच घाई केली."

तात्यांनी काळ्या चष्म्याआड मान फिरवली. शालनताई उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि जाळ विझवला. कुणी आणखी काही मागितलं नाही.

सकाळी मी अंगणात तोंड धूत असताना त्या स्वतःहून म्हणाल्या, "काल झोप लागली." चेहरा खरोखर ओझं उतरल्यासारखा मोकळा दिसत होता. मला वाटलं, रणजितचं बरोबर होतं, मी उगाच शास्त्र शास्त्र करत बसलो. मग न्याहारीला बसलो. तात्यांचं ताट आलं, माझं आलं. रणजित आपल्या नेहमीच्या जागी बसला होता. त्याच्यापुढे काही आलं नाही.

तो थोडा वेळ थांबला. मग उठला, हात न धुताच, कारण ते खरकटे झालेच नव्हते, आणि म्हणाला, "सर, मी जीप काढतो." शालनताईंनी चुलीकडून मान वळवली नाही. तात्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो चावत राहिले, चावत राहिले.

इंदापूर

घरी परतण्याआधी मला सोलापूरला एक काम होतं आणि त्या रस्त्याला गाडी धरायची होती, म्हणून रणजित इंदापूरपर्यंत सोडायला आला. मागच्या सीटवर माझ्या पिशवीशेजारी त्याचीही बॅग होती. इंदापुरात त्याच्या एका मित्राचं वेल्डिंगचं दुकान आहे, माळ्यावर खोली आहे. "काही दिवस इथंच," तो म्हणाला.

उजनी धरणाचं पाणी रस्त्यापर्यंत पसरलेलं होतं. पाण्यात दूर कुठल्या तरी बुडालेल्या गावाच्या देवळाचा कळस असेल असं मला उगाच वाटत राहिलं, पण दिसले ते नुसते बगळे आणि मच्छीमारांच्या होड्या. एका धाब्यावर चिलापीचं ताट मागवलं. गोड्या पाण्यातला मासा मी एरवी हसण्यावारी नेतो. समुद्राकाठच्या माणसाला त्यात चिखलाची चव लागते. त्या दिवशी मला कसलीच चव लागली नाही. रणजित मात्र भुकेला होता. त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या, रस्सा मागून घेतला.

"तुला माहीत होतं, असं होणार," मी म्हणालो.

"ताट बंद होईल असं वाटलं न्हवतं. बोलणं बंद होईल एवढं धरून चाललो व्हतो." त्यानं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "असू द्या. झोप लागली म्हणाल्या ना?"

मी म्हटलं, हो, म्हणाल्या. त्यानं मान हलवली आणि बिलासाठी हात वर केला. गाडीत बसल्यावर खिडकीतून पाहिलं तर तो जीपला टेकून उभा होता, बॅग अजून मागच्या सीटवर. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि माझं स्वतःचंही.

---

घरी आल्यावर मी हे इथपर्यंत लिहून काढलं आणि कपाटात ठेवलं. खरं छापावं तर शालनताई रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचतात, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नावं बदलली, तरी त्या ओळखणारच. खोटं छापावं तर लिहायचंच कशाला? होळी झाली, आमच्याकडे आंबे लागले, आणि एक दिवस शालनताईंचाच फोन आला. तात्यांचा डोळा बरा आहे, ऊस गेला, मुलगी सुट्टीला आली आहे, असं सगळं सांगून झालं.

"सर, तुमी हुकाला लाल रंग बघितला व्हता ना?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"त्यो दोरा मीच सोडला. लोकं ह्यांना उचलून जीपकडं पळाली. मी पन पळाले, आन् अर्ध्यातनं माघारी फिरले. गोफन हातात घेतलेल्या बाईला कळनार न्हाय व्हय, कडी कशात अडकली ती? दोरा सोडला, वटीत घातला, घरी येऊन चुलीत टाकला."

"मग तुम्ही रोज का विचारत होता?"

"कुनीतरी दुसरं काय तरी सांगंल म्हनून." त्यांचा आवाज तसाच सपाट होता. "नवमीला पूजा करताना मी ह्यांना इचारलं, हेचं काम करनारं अंग कुठलं? तर ह्यांनीच हसत हसत हुकावर बोट ठेवलं. त्ये बोट मला रोज दिसायचं. तुमी म्हनालात हूक वाकला व्हता, आन् त्या राती त्ये पयल्यांदा दिसलं न्हाय."

"पण शालनताई, रणजितनं तुमच्यासाठी…"

"ठाऊक हाय की. त्यांनी अंगावर घेतलं, मी घेऊ दिलं. सकाळी उठले तर त्यांचं ताट वाढाया हातच उचलंना. खरं ठाऊक असून उचलंना, सर. मला खरंच त्यांचा राग आला व्हता. असं कसं व्हतं, तुमी शिकल्यालं हाय, तुमी सांगा."

माझी नजर कपाटाकडे गेली. मी विचारलं, "मी हे सगळं लिहिलंय. ते फाडून टाकू का?"

"नगा फाडू. लिवलंय ना? मंग छापा. भाऊजी अजून इंदापुरातच हायत, तितं पेपर जातो. मला तोंडानं न्हाय सांगाया येत त्यांना."

"आणि तो वाचून घरी आला तर?"

फोनवर भांडी घासल्याचा आवाज येत होता, मुलगी घासत असावी. त्या आवाजामागून शालनताई म्हणाल्या, "आधी वाचू तर द्या."